भूऔष्णिक केंद्रांच्या तुंबलेल्या विहिरी आणि आम्लाचा उतारा

कोकणपट्टीतून प्रवास केलेल्या वाचकांना गरम पाण्याचे झरे अपरिचित नाहीत. राजापूरजवळचे उन्हाळे, संगमेश्वराकडील तुरळ व राजवाडी, दापोली तालुक्यातील उन्हवरे आणि उत्तरेकडे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या लोक स्नानासाठी जात आले आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते, एवढाच या झऱ्यांचा अर्थ. जगाच्या ज्या भागांत जागृत वा अलीकडच्या काळातील ज्वालामुखींची रांग आहे, तेथे हेच पाणी एकदोन किलोमीटर खोलीवर २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले सापडते. वरच्या खडकांचा व पाण्याचा दाब असल्याने ते तेथे उकळत नाही. विहीर खोदून त्याला वर येण्यास मार्ग दिला की, दाब कमी होताच त्याचा काही भाग वाफेत रूपांतरित होतो आणि त्या वाफेवर वीजनिर्मितीचे जनित्र चालविता येते.

इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली भूगर्भातील वाफेवर पाच दिवे पेटविण्यात आले आणि १९१३ मध्ये तेथे २५० किलोवॅट शक्तीचे केंद्र सुरू झाले. आशियात फिलिपीन्सने या कामी विशेष प्रगती केली. आर्तुरो आल्काराझ या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली लुझोन बेटावरील तिवी येथे १२ एप्रिल १९६७ रोजी भूगर्भातील वाफेवर पहिला दिवा लागला. या कार्याबद्दल त्यांना १९८२ साली रामोन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. हा इतिहास अनेकांनी वाचलेला असेल. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वीज कशी निर्माण होते हा नसून, वाफ काढून घेतल्यानंतर मागे उरलेल्या पाण्याचे काय करावयाचे, आणि ते पाणी सामावून घेणारी विहीर तुंबली तर ती पुन्हा वाहती कशी करावयाची, हा आहे. विषय आडबाजूचा वाटेल, परंतु या उद्योगाचे यशापयश पुष्कळदा याच आडबाजूला ठरते.

पाणी परत का धाडावयाचे?

२५० अंशांचे पाणी वर आले आणि नेहमीच्या दाबावर त्याची वाफ वेगळी केली, तर शंभर किलोग्रॅममधून सुमारे वीस किलोग्रॅम वाफ मिळते. उरलेले ऐंशी किलोग्रॅम पाणीच राहते. एक मेगावॅट वीज निर्माण करण्यासाठी ताशी सात ते नऊ टन वाफ लागते असे धरल्यास, शंभर मेगावॅटच्या केंद्रातून ताशी तीन हजार टनांच्या घरात गरम पाणी उरते. प्रत्येक क्षेत्रात वाफेचे प्रमाण कमीअधिक असते, म्हणून हा हिशेब ढोबळ समजावा. तथापि पाण्याचा भार किती मोठा असतो, याची कल्पना त्यावरून येईल.

हे पाणी नदीनाल्यात सोडून देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग होय, आणि सर्वांत घातकही. खोल खडकांतून येताना या पाण्याने मीठ, बोरॉन, आर्सेनिक असे अनेक पदार्थ आपल्यात विरघळवून आणलेले असतात. बोरॉन अत्यल्प प्रमाणात पिकांना आवश्यक असला, तरी प्रमाण थोडे वाढताच तो पानांच्या कडा करपवितो. आर्सेनिकविषयी वेगळे सांगावयास नको. फिलिपीन्समधील नेग्रोस बेटावर पालिनपिनोन हे केंद्र ओकोय नदीच्या खोऱ्यात वसले आहे आणि नदी पुढे वस्तीतून व शेतीतून समुद्राकडे जाते. अशा ठिकाणी उरलेले पाणी नदीत सोडणे म्हणजे खालच्या शेतकऱ्यांच्या खाचरात सोडणे. म्हणून तेथे १९८३ साली ११२.५ मेगावॅटचे पहिले केंद्र सुरू झाले, तेव्हा उत्पादक विहिरींबरोबर पुनर्भरण विहिरींचीही योजना करावी लागली. पाणी ज्या भूगर्भातून आले तेथेच, परंतु उत्पादक विहिरींपासून काही अंतरावर, खोल नेऊन सोडावयाचे, हे या विहिरींचे काम.

यात दुसराही लाभ असतो. भूगर्भातील पाण्याचा साठा अक्षय नाही. तो नुसता उपसत राहिल्यास दाब उतरतो आणि कालांतराने वाफही कमी पडते. परत गेलेले पाणी खडकाची उष्णता घेऊन पुन्हा कामास येते. छपरावरचे पावसाचे पाणी बोअरवेलमध्ये जिरविण्याच्या योजना आपल्याकडे अनेक गावांनी राबविल्या आहेत. तत्त्व त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की, येथे पाणी गोडे नसून क्षारयुक्त असते, ते उकळत्या पाण्याहूनही गरम असते आणि विहीर दोन-तीन किलोमीटर खोल असते.

काचेसारखा थर

आपल्या गोव्यातील जुन्या घरांच्या न्हाणीत पाणी तापविण्याचे तांब्याचे भाण असे. विहिरीचे पाणी जड असेल तर काही महिन्यांत भाणाच्या आतील बाजूस पांढरट पुटे चढत. हा चुन्याच्या जातीचा क्षार. चिंच, लिंबू किंवा बिंबले यांच्या आंबट रसाने तो सुटतो, कारण आम्ल आणि चुना यांचे सख्य नाही. भूऔष्णिक विहिरींतही काही ठिकाणी असाच चुन्याचा थर बसतो. तेवढाच प्रश्न असता, तर हा लेख येथेच संपला असता.

पुनर्भरण विहिरींचा खरा शत्रू सिलिका होय. वाळू, गारगोटी आणि काच यांचे मूळ द्रव्य तेच. थंड पाण्यात गारगोटी विरघळते असे म्हटले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु २५० अंशांच्या पाण्यात एका किलोग्रॅममागे जवळजवळ ४८० मिलिग्रॅम सिलिका विरघळलेली असते. वाफ निघून गेल्यावर पाणी कमी झाले तरी सिलिका तितकीच राहते, म्हणून तिचे प्रमाण सहाशे मिलिग्रॅमपर्यंत चढते. उलट पाणी निवत जाते तसतशी सिलिका धरून ठेवण्याची त्याची शक्ती घटते. शंभर अंशांवर ते फार तर साडेतीनशे ते पावणेचारशे मिलिग्रॅम सिलिका सांभाळू शकते. या उदाहरणातील पाणी दीडशे अंशांच्या खाली उतरले की जादा सिलिका बाहेर पडू लागते. आधी अतिसूक्ष्म कण, मग त्यांचे पुंजके, आणि शेवटी नळाच्या आत, जाळीच्या चिरांत व खडकाच्या भेगांत घट्ट बसलेला करडा थर, असा तिचा प्रवास होतो. कधी हा थर ओल्या साबुदाण्यासारखा बुळबुळीत असतो, तर कधी इतका कठीण की छिन्नी लावावी लागते.

म्हणूनच शक्य तेथे पाणी न निवविता, दीडशे-एकशेसाठ अंशांवर असतानाच पुन्हा खाली धाडण्याची रीत आहे. काही केंद्रांत पाण्यात अगदी थोडे आम्ल सतत मिसळले जाते, जेणेकरून सिलिकेचे कण एकमेकांस चिकटण्याची क्रिया मंदावते. तरीही वर्षांमागून वर्षे हजारो टन पाणी गेल्यावर भेगा अरुंद होतातच. याशिवाय एक जुना मळ पुष्कळ विहिरींत जन्मापासून असतो. विहीर खोदताना वापरलेला मातीचा चिखल, म्हणजे बेंटोनाइट, त्या वेळी भेगांत शिरून तेथेच राहिलेला असतो. विहीर नवी असूनही पाणी घेत नाही, याचे कारण बहुधा हा चिखलच असतो.

विहीर तुंबली म्हणजे नेमके काय होते, हे एका उदाहरणाने पाहू. ताशी तीनशे टन पाणी घेणारी विहीर आता शंभर टनच घेते असे समजा. उरलेले दोनशे टन पाणी ठेवावयास जागा नाही आणि नदीत सोडावयास परवानगी नाही. तेव्हा तितके पाणी वर आणणारी उत्पादक विहीर बंद करणे भाग पडते आणि तिच्याबरोबर ताशी पन्नास टन वाफही बंद होते. म्हणजे जनित्र सुस्थितीत, उत्पादक विहीर सुस्थितीत, आणि तरी सहा मेगावॅट वीज गेली. किंवा मग व्यवस्थापनाला मोह होतो की, दोन दिवसांपुरते पाणी ओढ्यात सोडले तर कोणाला कळणार आहे! ओढ्याखालच्या गावाला ते कळते.

आधी निदान

अशा वेळी दोन मार्ग असतात. एक, नवी पुनर्भरण विहीर खोदणे. तिला महिना-दोन महिने आणि लक्षावधी डॉलर लागतात, आणि ती भेगा असलेल्या खडकात जाईलच याची शाश्वती नसते. दुसरा मार्ग जुन्या विहिरीवर आम्लाचा उपचार करण्याचा. त्याचा खर्च नव्या विहिरीच्या मानाने लहानसा असतो. परंतु उपचार करण्यापूर्वी रोग ओळखावा लागतो, आणि या क्षेत्रातील जाणकार सर्वाधिक वेळ खर्च करतात तो येथेच.

प्रथम तारेला वजन बांधून ते विहिरीत उतरवितात. ठरलेल्या खोलीच्या आधीच ते अडले, तर नळातच बूच बसले आहे असे कळते. थराचा तुकडा वर आणून प्रयोगशाळेत तपासतात. तो चुन्याचा आहे, सिलिकेचा आहे की मातीचा, यावर पुढचे सारे अवलंबून असते. नंतर विहिरीत निरनिराळ्या वेगाने पाणी सोडून खोलीवरचा दाब मोजतात. ठरावीक दाब वाढविला असता सेकंदाला किती अधिक पाणी आत जाते, या प्रमाणास विहिरीची ग्रहणक्षमता म्हणता येईल. विहीर नवी असतानाची नोंद आणि आजची नोंद शेजारी ठेवली म्हणजे ऱ्हास किती झाला हे दिसते. शेवटी, तापमान, दाब व प्रवाह मोजणारे लहान पात्यांचे उपकरण तळापर्यंत नेऊन, कोणत्या खोलीवरील भेगा अद्याप पाणी घेतात आणि कोणत्या मिटल्या आहेत, याचा नकाशा तयार करतात.

या तपासणीत काही विहिरी उपचारासाठी अपात्र ठरतात आणि तसे ठरविणे हेही यशच मानले पाहिजे. ज्या विहिरीला मुळात भेगाच लागल्या नाहीत, तिच्यात आम्ल ओतून भेगा निर्माण होत नाहीत. ज्या ठिकाणी सभोवतालच्या साठ्याचाच दाब वाढलेला आहे, तेथेही दोष विहिरीचा नसतो. आणि ज्या विहिरीचा पोलादी नळ गंजून पातळ झाला आहे, तिच्यात आम्ल सोडणे म्हणजे दुखणे वाढविणे होय.

नळाच्या आत कठीण बूच असेल तर ते आम्लाने विरघळवीत बसणे परवडत नाही. खोदाईचे यंत्र आणून ते यांत्रिक रीतीने फोडून काढतात. आम्लाचे खरे काम त्यापुढचे. जेथे कोणतेही पाते पोहोचत नाही, त्या खडकाच्या भेगांतील मळ काढणे हे त्याचे काम.

आम्लाचे तीन हप्ते

प्रस्तुत लेखक रसायनशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. परंतु पुढील क्रमामागील विचार इतका सरळ आहे की, तो शाळेतील विद्यार्थ्यांनाही समजावून देता येईल.

सिलिका ही काचेची सगोत्र. काचेच्या बाटलीत आपण निर्धास्तपणे तेजाब ठेवतो, याचा अर्थच असा की साधी आम्ले काचेला काही करू शकत नाहीत. त्याला अपवाद एकच आहे. हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खाते. काचेवर नक्षी वा आकडे कोरण्यासाठी ते वापरले जाते आणि ते साठविण्यासाठी प्लास्टिकची भांडी लागतात. सिलिका आणि बेंटोनाइटची माती या दोहोंना विरघळविणारे म्हणून विहिरीच्या उपचारात याच आम्लाची निवड करावी लागते.

मात्र ते एकदम सोडून चालत नाही. खडकात कोठे ना कोठे चुन्याचा अंश असतोच. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि चुना एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराइड तयार होते. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही आणि ज्या भेगा मोकळ्या करावयाच्या त्यांतच जाऊन बसतो. यास्तव पहिला हप्ता केवळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो. त्याने चुना विरघळून पुढे ढकलला जातो आणि वाट स्वच्छ होते. दुसरा आणि मुख्य हप्ता दोन्ही आम्लांच्या मिश्रणाचा. तेल-विहिरींच्या उद्योगात बारा टक्के हायड्रोक्लोरिक आणि तीन टक्के हायड्रोफ्लोरिक असे मिश्रण पूर्वापार प्रचलित आहे. भूऔष्णिक विहिरींसाठी दहा व पाच टक्के असेही प्रमाण वापरले गेले आहे. तिसरा हप्ता पुन्हा सौम्य आम्लाचा वा भरपूर गोड्या पाण्याचा असतो. त्याचे प्रयोजन हे की, काम करून थकलेले आम्ल विहिरीच्या तोंडाशी रेंगाळू नये. ते तेथे थांबले तर विरघळलेली सिलिका लापशीसारखी होऊन पुन्हा बसते आणि केलेला उपचार वाया जातो. म्हणून एकदा काम सुरू झाले की मध्ये खंड पडता कामा नये. पाण्याचा पुरवठा, पंप आणि राखीव पंप यांची सिद्धता आधी करून मगच पहिला हप्ता सोडतात. पाणीही गोडेच लागते. खाऱ्या पाण्यातील सोडियम व पोटॅशियम यांच्यामुळे दुसऱ्या प्रकारचे न विरघळणारे क्षार तयार होतात.

येथे नळाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित होतो. जे आम्ल दगड खाते ते पोलाद सोडील काय? आणि उष्णतेत तर त्याची भूक अनेक पटींनी वाढते. यावर दोन उपाय आहेत. आम्लात गंजरोधक द्रव्य मिसळतात. ते पोलादावर पातळ कवच धरते. आणि आम्ल सोडण्यापूर्वी काही तास थंड पाणी सतत आत सोडून विहीर निववितात, कारण गंजरोधक द्रव्यालाही उष्णता फार काळ सोसत नाही. शिवाय आम्ल विहिरीच्या तोंडाशी ओतले जात नाही. खोदाईच्या नळ्या किंवा गुंडाळीवरून सोडावयाची लवचिक पोलादी नळी थेट ठरलेल्या खोलीपर्यंत उतरवून, ज्या भेगांवर उपचार करावयाचा त्यांच्या समोरच ते सोडले जाते. भेगांचे दोन-तीन थर असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र मात्रा असते. दर मीटर लांबीस शेकडो लिटर आम्ल लागते, म्हणजे एका विहिरीस टँकरच्या टँकर रिकामे होतात.

या आम्लाविषयी कामगारांना जे शिकविले जाते ते शिक्षकांनी व आरोग्य कर्मचाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. हायड्रोफ्लोरिक आम्लाची भाजणी फसवी असते. सौम्य आम्ल अंगावर पडल्यास लगेच वेदना होत नाहीत. काही तासांनी होतात, आणि तोवर ते कातडीतून आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकू लागलेले असते. अशी इजा मोठी असेल तर हृदयाची क्रिया बंद पडण्याचा धोका असतो. अंगावर पडताच भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचा लेप लावणे आणि विनाविलंब रुग्णालयात नेणे, हा त्यावरील उपचार होय. हा लेप कामाच्या जागी तयार असल्याखेरीज आम्लाच्या पिंपाचे झाकण उघडू नये, असा दंडक जबाबदार संस्था पाळतात. धोका कमी व्हावा म्हणून कित्येकदा हे आम्ल तयार स्थितीत न आणता, अमोनियम बायफ्लोराइड नावाचा क्षार आणून तो हायड्रोक्लोरिक आम्लात मिसळून जागेवरच ते तयार करतात. सांडलेले आम्ल सोडा किंवा चुना टाकून निष्प्रभ केल्याशिवाय जमिनीवर सोडले जात नाही.

अनुभव काय सांगतो?

विहिरीत आम्ल सोडण्याची कल्पना मुळात तेल उद्योगातील. अमेरिकेत हर्मन फ्राश यांना १८९६ साली तिचे एकस्व मिळाले होते. परंतु पोलाद सांभाळणारे गंजरोधक द्रव्य हाती येईपर्यंत ती मागे पडली आणि १९३० नंतरच तिचा प्रसार झाला. भूऔष्णिक विहिरींकडे ती त्यानंतर कित्येक दशकांनी वळली.

फिलिपीन्समध्ये १९९० च्या दशकात लेयटे, बाकोन-मानितो इत्यादी क्षेत्रांतील पुनर्भरण विहिरींवर दोन्ही आम्लांच्या मिश्रणाचा उपचार करण्यात आला. तेथील निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि म्हणूनच ते विश्वसनीय वाटतात. काही विहिरींची ग्रहणक्षमता दीडपट-दुप्पट झाली, तर काहींची चौपट वा त्याहून अधिक. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशात बर्लिन नावाचे क्षेत्र आहे (जर्मनीतील शहराशी त्याचा केवळ नामसंबंध). तेथील पाच विहिरींवर असाच प्रयोग झाला आणि ग्रहणक्षमता जवळजवळ तिपटीपासून दहापटीच्या आसपासपर्यंत वाढली. यात एक बारकावा आहे. सर्वाधिक पट वाढ ज्या विहिरीत झाली, ती मुळात सर्वांत वाईट होती. जवळपास काहीच पाणी न घेणारी विहीर दहापट सुधारली, तरी ती उत्तम विहिरीची बरोबरी करीलच असे नाही. तेव्हा 'इतकी पट सुधारणा' या आकड्यावर न भुलता, विहीर आता ताशी किती टन पाणी घेते हे विचारावे. अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही सवय अन्य योजनांच्या बाबतीतही लावून घेण्यास हरकत नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात कोसो येथे चुन्याच्या थरांसाठी तीस विहिरींवर आम्लाचा उपचार झाला, त्यांपैकी चोवीस ठिकाणी तो यशस्वी ठरला. चुना सुटण्यास सोपा असूनही सहा विहिरींनी दाद दिली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अपयशाची कारणे आता बरीच समजली आहेत. उष्ण खडकात आम्ल फार दूर जाऊ शकत नाही. विहिरीच्या भिंतीपासून थोड्याच अंतरात त्याची शक्ती संपते. सिलिका त्याहून खोलवर, दूरच्या भेगांत बसली असेल, तर तेथपर्यंत ते पोहोचत नाही. कधी आम्ल आधीच मोकळ्या असलेल्या भेगेतून निघून जाते आणि मिटलेली भेग तशीच राहते. पाण्याप्रमाणेच आम्लही सोप्या वाटेने जाते. आणि उपचार पूर्ण सफल झाला तरी तो कायमचा नव्हे. वरून येणारे पाणी तेच, सिलिका तीच, तेव्हा थर पुन्हा बसणारच. काही ठिकाणी दोन-तीन वर्षांनी तोच उपचार पुन्हा करण्याची पाळी येते. म्हणून ग्रहणक्षमतेची मोजणी ठरावीक काळाने करीत राहावे लागते. विहीर पूर्ण तुंबण्यापूर्वी, भेगा अर्धवट उघड्या असताना केलेला उपचार अधिक गुण देतो, कारण त्या वेळी आम्लाला आत जाण्यास वाट तरी असते.

आपल्या बोअरवेलचे काय?

हे वाचून गावातील एखादा शेतकरी विचारील की, माझ्या बोअरचे पाणी कमी झाले आहे, तिच्यात आम्ल टाकावे काय? याचे उत्तर स्पष्ट शब्दांत 'नाही' असे आहे. गोवा आणि कोकणातील जांभा दगडात किंवा देशावरील काळ्या पाषाणात बोअरचे पाणी घटण्याची कारणे बहुशः वेगळी असतात. भूजल पातळी खाली जाणे, शेजारी शेजारी अनेक बोअर होणे, तळाशी गाळ साचणे किंवा केसिंग पाइप बिघडणे ही ती कारणे होत. ज्या विहिरीचे पाणी माणसे व गुरे पितात, तिच्यात हौसेने वा कंत्राटदाराच्या आग्रहाने आम्ल सोडणे धोक्याचे आहे. लोखंडी केसिंग पाइपही त्याने जातो. गाळ साचला असेल तर हवेच्या कॉम्प्रेसरने बोअर स्वच्छ करता येतो. खडकातील बारीक भेगा मोकळ्या करण्यासाठी उच्च दाबाने केवळ पाणी सोडण्याची पद्धतही उपलब्ध आहे. कोणता उपाय लागू पडेल हे भूजलतज्ज्ञास दाखवूनच ठरवावे.

लडाखमधील पुगा

भारतात भूगर्भातील उष्णतेवर व्यापारी प्रमाणावर वीज निर्माण करणारे केंद्र अद्याप उभे राहिलेले नाही. कोकणातील झऱ्यांचे पाणी वर येते तेव्हा उकळबिंदूच्या बरेच खाली असते. अधिक आशा लडाखमधील पुगा खोऱ्याकडून आहेत. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून अधिक उंचीवरील या खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० च्या दशकात विहिरी खोदून पाहणी केली होती. २०२१ च्या फेब्रुवारीत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचे ऊर्जा केंद्र, लडाख प्रशासन आणि लेह येथील स्वायत्त पर्वतीय विकास परिषद यांच्यात एक मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी करार झाला. २०२५ मध्ये केंद्र शासनाने भूऔष्णिक ऊर्जेविषयीचे राष्ट्रीय धोरणही जाहीर केले.

पुगाचे खोरे जुन्या काळापासून टाकणखार आणि गंधक यांसाठी प्रसिद्ध आहे. टाकणखार म्हणजे बोरॉनचाच क्षार. अर्थात तेथील गरम पाण्यात बोरॉन आहे, आणि ज्या ओढ्याला ते मिळेल त्याच्या काठी चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या चरतात. तेथे उत्पादक विहिरींची संख्या ठरेल त्याच वेळी पुनर्भरण विहिरी किती, त्या तुंबल्यास राखीव विहीर कोणती, ग्रहणक्षमतेची पहिली नोंद कोणी व केव्हा घ्यावयाची आणि इतक्या उंचीवर, हिवाळ्यात रस्ते बंद असताना, आम्लाचे टँकर व गोडे पाणी कसे पोहोचवावयाचे, हे प्रश्नही त्याच अंदाजपत्रकात यावे लागतील.